पिलावळ चाळणीसारखी, राणी मात्र यंदाचीच: दोष कुणाचा?

जांभूळमाळ (प्रश्न)

सातेरी या देशी मधमाशीच्या आठ पेट्या, सगळ्या एकाच मूळ वसाहतीच्या विभागणीतून तीन वर्षांत वाढवलेल्या. आठही राण्या यंदाच्या. जांभूळ फुललाय, पराग भरपूर येतोय, तरी पाच पेट्यांत बंद पिलावळ, म्हणजे मेणाचं झाकण लागलेली पिल्लांची घरं, सलग दिसत नाही. चौकटीच्या मध्यभागी दहा बाय दहा घरांचा तुकडा धरून मोजलं तर शंभरात रिकामी घरं अशी: १९, २२, २६, ३१, ३८. उरलेल्या तीन पेट्यांत ८ ते ११. मेलेल्या अळ्या नाहीत, आंबूस वास नाही, मेणकिड्याचं जाळं नाही, तळफळीवर कचरा नाही.

प्रश्न दोन आहेत. हा राणीचा दोष, रोग, की आणखी काही? आणि राणी बदलायचीच झाली तर अळी कुठून घ्यायची? राणी आणि कामकरी यांची जनुकं सारखीच, फरक फक्त राजान्नाचा, म्हणजे राणी होणाऱ्या अळीच्या खास खाद्याचा, असं सगळीकडे सांगतात. मग अळी कुठल्याही पेटीतली चालायला हवी ना?

---

चौकटवाला

राणी नीट फळलेली नाही, म्हणजे नरांशी तिचं मीलन पुरेसं झालेलं नाही. पाचही काढा, नव्या राण्या घडू द्या. याहून जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

---

पोळंवाचक

चौकटवाला, थांबा जरा. राणी नीट फळली नसती किंवा तिच्याकडचं वीर्य संपत आलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. अशी राणी न फळलेलं अंडं कामकरीच्या घरात घालते, त्यातून नर निघतो आणि दाईमाश्या (पिल्लांना भरवणाऱ्या कामकरी) तो बिनतक्रार वाढवतात. नराचा देह त्या घरात मावत नाही, म्हणून झाकण फुगतं. पिलावळीवर फुगीर टेंगळं दिसतात, भोकं दिसत नाहीत. इथे टेंगळं नाहीत, भोकं आहेत. म्हणजे अंडं फळलेलं होतं, अळी निघाली आणि ती कुणीतरी काढून टाकली.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे कामकरी माश्याच, आणि कारण बहुधा लिंग ठरवणारं जनुक.

‘फळलं तर मादी, न फळलं तर नर’ हा शाळेतला नियम अर्धाच खरा. मधमाशीत खरी कळ सीएसडी नावाच्या जनुकात आहे. २००३ मध्ये मार्टिन बाये आणि सहकाऱ्यांनी ते मेलिफेरात, म्हणजे युरोपीय मधमाशीत, वेगळं काढून दाखवलं. सातेरीत आणि आग्यातही तेच आहे. या जनुकाच्या आवृत्त्या, म्हणजे अ‍ॅलील, पुष्कळ आहेत. मेलिफेरात जगभर मिळून शंभराहून जास्त. अंड्यात दोन वेगळ्या आवृत्त्या आल्या तर मादी. एकच आली (न फळलेलं अंडं) तर नर. आणि दोन आल्या पण एकसारख्या निघाल्या, तरीही नरच! बाप आहे, गुणसूत्रं पूर्ण ३२ आहेत, तरी नर. याला द्विगुणित नर म्हणतात.

आत घडतं ते असं. दोन वेगळ्या आवृत्त्यांची प्रथिनं एकत्र आली की शेजारच्या ‘फेमिनायझर’ जनुकाचा निरोप (त्याची आरएनए प्रत) मादीच्या पद्धतीने कापून जोडला जातो. त्यातून तयार झालेलं प्रथिन पुढे आपल्याच जनुकाचा निरोप तसाच कापत राहतं, म्हणून कळ एकदा दाबली की दाबलेलीच राहते. तिथून हुकूम ‘डबलसेक्स’ जनुकाकडे जातो आणि शरीर मादीचं घडतं. आवृत्त्या सारख्या असतील तर हा कापण्याचा हुकूमच सुटत नाही. निरोपाच्या मध्येच ‘थांबा’ची खूण राहते, प्रथिन अर्धवट तुटतं आणि गाडी आपोआप नराच्या रुळावर जाते.

पोलंडचे येझी वॉयके यांनी १९६३ मध्ये दाखवलं की ही अंडी वांझ नसतात. ती व्यवस्थित उबतात. अळी बाहेर आल्यावर काही तासांत कामकरी तिला खाऊन टाकतात. त्याच अळ्या माश्यांपासून दूर, प्रयोगशाळेत भरवल्या तर पूर्ण वाढलेले नर होतात. पुढे सातेरीच्या जातीतही त्यांनी हेच दाखवलं. अळीच्या अंगावरच्या गंधद्रव्यांत फरक असतो आणि दाईमाशी तो ओळखते. हिशेबाने पाहिलं तर बरोबरच आहे. द्विगुणित नर पुढच्या पिढीच्या कामाचा नाही, मग त्याला कोषापर्यंत पोसून अन्न का घालवायचं? पहिल्याच दिवशी खाल्लं तर गुंतवलेलं बरंचसं परत मिळतं. तुमच्या चौकटीवरची भोकं म्हणजे असे शेकडो निकाल आहेत.

आता तुमच्या आठ पेट्यांचं गणित. मूळ राणीच्या दोन आवृत्त्या ‘अ’ आणि ‘आ’ धरा. तिचे दहा नवरे, दहा वेगळ्या आवृत्त्यांचे. तिची एक मुलगी घ्या: आईकडून ‘अ’, बापाकडून ‘क’. ती मीलनासाठी उडते तेव्हा आसपासचे नर तिच्या बहिणींच्याच पेट्यांतले आहेत. त्या नरांपैकी निम्म्यांकडे मूळ राणीची ‘अ’ किंवा ‘आ’, म्हणजे एकूण पावभर नर ‘अ’वाले. उरलेल्या निम्म्यांकडे दहा बापांपैकी एकाची आवृत्ती, म्हणून ‘क’वाले विसातला एक. बेरीज ३० टक्के. जुळणाऱ्या नराच्या संततीतली निम्मी मरते, म्हणजे सरासरी १५ टक्के नुकसान. मूळ राणीला नवरा एकच मिळाला असता तर हाच आकडा साडेसदतीस झाला असता. आणि मुलीला फक्त आईचेच नर, म्हणजे सख्खे भाऊ, मिळाले तर २५.

ही सरासरी झाली. प्रत्येक राणीला मिळणारे दहा-पंधरा नर म्हणजे सोडतच, म्हणून एका पेटीत ८ आणि शेजारी ३८ दिसणं अगदी शक्य आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत काही आवृत्त्या गळूनही गेल्या असणार.

८ ते ११ वाल्या पेट्यांची काळजी करू नका. शंभरात पाच-दहा घरं रिकामी असणं माश्यांच्या पथ्यावरच पडतं. त्या रिकाम्या घरांत शिरून, छातीचे स्नायू थरथरवून, त्या आजूबाजूचे कोष आतून तापवतात.

---

रानजाई

पोळंवाचकांचं निदान पटतंय, पण नुसत्या भोकांवरून शिक्का मारू नका. भोकं चार कारणांनी पडतात. अळी कोणत्या वयात नाहीशी होते ते पाहिलं की उत्तर मिळतं. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा एक कागद, दोन टाचण्या आणि दोन रंगांची पर्मनंट मार्कर पेनं पुरेत.

राणी जिथे नुकती अंडी घालून पुढे सरकली आहे अशी चौकट निवडा. माश्या हलकेच झाडा, झटका देऊ नका. सातेरी चिडली की चौकट सोडून कोपऱ्यात गोळा होते आणि राणी हरवते. कागद चौकटीच्या वरच्या पट्टीला दोन ठिकाणी टाचा, भोकं तिथेच ठेवा म्हणजे पुढच्या वेळी कागद त्याच जागी बसेल. अंडं असलेल्या शंभर घरांवर काळे ठिपके द्या. सूर्य पाठीमागे घ्या, नाहीतर नव्या पांढऱ्या मेणात अंडं दिसत नाही. तीन मिनिटांत उरका आणि चौकट परत ठेवा.

चौथ्या दिवशी तोच कागद लावून पाहा. तोवर सगळी अंडी उबलेली असायला हवीत. घर रिकामं असेल किंवा आत उभं, ताजं अंडं असेल तर तिथे लाल फुली. ताजं अंडं म्हणजे जुनी अळी गेली आणि राणीने घर पुन्हा भरलं. ही फुली राहून गेली तर नुकसान कमी मोजलं जातं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सहाव्या दिवशी आणखी एकदा पाहा आणि नवव्या-दहाव्या दिवशी झाकणं मोजा.

चौथ्या दिवसापर्यंत पंधरा-वीसहून जास्त फुल्या आल्या आणि नंतर फारशी भर पडली नाही, तर प्रकरण सीएसडीचं. पहिल्याच दिवशी शंभर सलग घरांत अंडी सापडत नसतील, राणी मध्ये घरं सोडत असेल, तर राणी कमजोर. पण आधी पाहा की त्या घरांत पराग तर भरलेला नाही ना, किंवा मेणपत्र्याची तार तिथून गेलेली नाही ना. तारेवरच्या रांगेत राणी बऱ्याचदा अंडी टाळते आणि भोकांची सरळ रेघ दिसते. चार-पाच दिवसांच्या अळ्या पिवळसर, पिळवटलेल्या आणि वास आंबट असेल तर युरोपियन फाउलब्रूड हा जिवाणूंचा रोग. झाकण लागायच्या सुमारास अळी पाठीवर ताणलेली, डोकं वर, चिमट्याने उचलली तर पाण्याची पिशवी लोंबते: थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. सातेरीवाल्यांनी हे चित्र डोळ्यांत ठेवावंच.

एक अट आहे. पराग येत असतानाच ही चाचणी करा. पावसाळ्यात किंवा पराग तुटला की उपाशी वसाहत चांगल्या अळ्याही खाते. मग कागदावर सीएसडीसारखंच चित्र उमटतं आणि चांगल्या राणीचा बळी जातो.

---

चौकटवाला

टेंगळांचा मुद्दा मान्य. पण स्वच्छतेच्या सवयीने पण भोकं पडतातच की. ज्या माश्या रोगट कोष उकरून बाहेर टाकतात, त्यांची पिलावळ विरळच दिसते. मग चांगली वसाहत वाईट समजून मारायची का?

---

रानजाई

चांगला प्रश्न. सीएसडीची भोकं उघड्या पिलावळीत, झाकण लागायच्या आधी पडतात. स्वच्छतेची भोकं बंद पिलावळीत. तिथे झाकणाला आधी टाचणीएवढं छिद्र, मग कुरतडलेली कड, आत अर्धा खाल्लेला कोष, असे टप्पे सापडतात. एकाच चौकटीवर तीन-चार घरं तरी अशा अर्धवट अवस्थेत दिसली पाहिजेत.

या सवयीमागेही जनुकं आहेतच. वॉल्टर रोथेनबुलर यांनी १९६४ मध्ये अमेरिकन फाउलब्रूड या पिलावळीच्या रोगावर काम करताना संकर करून पाहिले. काही वसाहती झाकण उघडत पण मेलेलं पिल्लू काढत नसत. काहींत झाकण माणसाने उघडून दिलं तर त्या पिल्लू काढत, स्वतः उघडत मात्र नसत. त्यावरून त्यांनी उघडण्याचं एक आणि काढण्याचं एक, अशी दोन जनुकं मांडली. वर्गात शिकवायला गोष्ट झकास, पण पुढे ती इतकी सोपी राहिली नाही. २००२ मध्ये या वागण्याशी जोडलेल्या सात जागा गुणसूत्रांवर सापडल्या आणि त्यातल्या प्रत्येकीचा वाटा थोडा थोडाच होता.

तपासायचं असेल तर टाचणी चाचणी करा. पांढऱ्या किंवा गुलाबी डोळ्यांचे कोष असलेली शंभर बंद घरं घ्या, बारीक कीटक-टाचणी झाकणाच्या मधोमध आत घालून कोष टोचा, शेजारची शंभर घरं न टोचता तशीच ठेवा, २४ तासांनी मोजा. न टोचलेल्यांतलीही बरीच रिकामी झाली असतील तर चाचणी रद्द समजा. मग गडबड दुसरीकडे आहे. जाड सुई वापरू नका. तिने रस बाहेर गळतो आणि माश्या रोगाच्या वासाला नाही, सांडलेल्या रसाला प्रतिसाद देतात. अशा आकड्याला काही किंमत नाही.

---

दाईमाशी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ‘जनुकं सारखीच, फरक राजान्नाचा’ हे वाक्य खरं आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

खरं इतकंच की फळलेल्या अंड्यातून आलेली कोणतीही मादी अळी पहिले दोन-अडीच दिवस राणीही होऊ शकते आणि कामकरीही. बीजांडनलिका (अंडाशयातल्या अंडी घडवणाऱ्या नळ्या) बघा: मेलिफेराच्या राणीच्या एकेका अंडाशयात दीडशेच्या वर, कामकरीच्या अंडाशयात दोन ते बारा. वाक्यं तीच, पण पुस्तकातली कोणती पानं उघडायची ते खाद्य ठरवतं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मालेश्का यांच्या गटाने अळीतलं डीएनएम्टी३ हे एकच जनुक दाबलं. हे जनुक डीएनएवर मिथाइलच्या खुणा ठेवण्याचं काम करतं. राजान्नाचा राजेशाही पुरवठा नसतानाही त्यातल्या ७२ टक्के अळ्या राणीच्या वळणावर गेल्या. म्हणजे या खुणा कामकरीपणाकडे ढकलतात आणि राजान्नाची वाट त्या खुणांतूनही जाते.

‘रॉयलॅक्टिन’ नावाच्या एका प्रथिनानेच राणी होते, असं २०११ मध्ये जपानमधून आलं होतं. बाजारात त्यावर भरपूर धंदा झाला. २०१६ मध्ये जर्मन गटाने ते प्रथिन नसलेलं खाद्य देऊनही राण्या वाढवून दाखवल्या. एकच जादूचा घटक नाही. साखरेचं प्रमाण, एकूण खाद्य, प्रथिनं, सगळ्याचा मिळून परिणाम. ‘राणी करणारी गोळी’ कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पण राजान्न फक्त राणी करतं की कामकरी, एवढंच ठरवतं. सीएसडीची ‘अ’ आवृत्ती राजान्न पिऊन ‘ब’ होत नाही. तुमच्या पेटीतल्या अळीला कितीही भरवलं तरी ती त्याच दोन आवृत्त्या घेऊन उठणार आणि त्याच आवारातल्या नरांत उडणार. चौकटवालांचा सल्ला मानून पाच राण्या मारल्या असत्या तर पुढच्या महिन्यात पाच नव्या राण्या आणि तीच चाळणी मिळाली असती.

विभागणीने राणी घडवताना आणखी एक घोळ होतो. राणी नाहीशी झाली की माश्या घाईत मोठ्या अळीवरही राणीघर बांधतात. अशा अळीच्या अंगात कामकरीची पानं थोडी उघडलेली असतात. निघते ती राणीच, पण बीजांडनलिका कमी आणि वीर्याची पिशवी लहान. उपाय सोपा: विभागणीनंतर तिसऱ्या दिवशी चौकटी पाहा, तोवर बंद झालेली राणीघरं मोडा. इतक्या लवकर बंद झालं म्हणजे अळी आधीच मोठी होती. कलम करत असाल, म्हणजे अळी उचलून राणीघरात ठेवत असाल, तर १२ ते २४ तासांची अळी घ्या. ती अंड्याहून फार मोठी नसते, किंचित बाक आलेली, चकाकत्या खाद्यावर तरंगते. इंग्रजी ‘सी’सारखी पूर्ण वळलेली दिसली तर उशीर झाला.

---

जांभूळमाळ

कागदाची चाचणी दोन पेट्यांवर झाली. ३१ वालीत चौथ्या दिवशी २४ फुल्या, सहाव्या दिवशी २७, झाकणं ७२. ८ वालीत एकूण ५ फुल्या. कुरतडलेली झाकणं कुठेच नाहीत. म्हणजे सीएसडीच.

मग असं करता येईल का: ज्या तीन पेट्यांत पिलावळ सलग आहे त्यांच्याच मुली वाढवायच्या, आणि पाच वाईट पेट्यांतली नरघरं कापून टाकायची, म्हणजे त्यांचं वाईट रक्त पुढे जाणार नाही?

---

पोळंवाचक

नेमकं उलटं करा. ‘वाईट रक्त’ असं इथे काही नाही. सीएसडीची कुठलीच आवृत्ती वाईट नसते. ती जितकी दुर्मीळ तितकी चांगली, कारण जुळणारी दुसरी भेटायची शक्यता कमी. ३८ वाल्या राणीला आपल्यासारखेच नवरे मिळाले, एवढंच तिचं दुर्दैव. तिच्याकडे एखादी अशी आवृत्ती असू शकते जी बाकी सात पेट्यांत उरलेलीच नाही. तिची नरघरं कापलीत तर ती आवृत्ती तुमच्या आवारातून गेली. सलग पिलावळीच्या तीनच राण्यांच्या मुली वाढवणं म्हणजे फार तर सहा आवृत्त्यांवर आणि त्यांच्या नवऱ्यांवर डाव लावणं. त्या मुली पुन्हा याच नरांत उडणार. एक पिढी बरी जाईल, दुसरीला आकडे वर चढतील.

ढोबळ आडाखा असा: आवारात सारख्या प्रमाणात जितक्या आवृत्त्या, त्या संख्येने एकाला भागा. सहा असतील तर सरासरी सतरा टक्के अळ्या जातात, दहा असतील तर दहा, वीस असतील तर पाच. म्हणजे सहावरून दहावर आलात तरी मोठा फरक पडतो, वीसच्या पुढे फारसा नाही. म्हणून दोन-तीन परक्या राण्याही पुरतात. राण्यांची आख्खी वरात आणायची गरज नाही.

शेजारच्या खोऱ्यातली, आपल्याच डोंगराची सातेरी घ्या. फार दूरची, वेगळ्या हवामानातली आणू नका. देणाऱ्याच्या वसाहतीवर एक पूर्ण पिलावळ-चक्र, म्हणजे निदान तीन आठवडे, नजर ठेवा. पिशवीवाल्या अळ्या दिसल्या तर राणी फुकट मिळाली तरी नको. आणलेल्या राणीच्या पेटीत नर भरपूर होऊ द्या, कारण तुमच्या पुढच्या राण्यांचा फायदा तिच्या मुलींपेक्षा तिच्या मुलांमुळे होणार आहे. तिचे नर हे तिच्या स्वतःच्या दोन आवृत्त्याच घेऊन उडतात, तिच्या नवऱ्यांच्या नाहीत. म्हणून एका परक्या राणीकडून आवाराला फार तर दोनच नव्या आवृत्त्या मिळतात, तीन राण्यांकडून फार तर सहा.

अंडं ते उडायला तयार नर, याला पाच आठवडे धरा. राणीघरं त्या हिशेबाने लावा. उलट केलं तर राण्या तयार आणि परके नर अजून कोषात, अशी गत होते.

---

चौकटवाला

बरं, माझा सल्ला मागे घेतो. एक विचारतो: सातेरीच्या नरघरांच्या झाकणाला मधोमध भोक असतं, ते रोगाचं समजून काही जण कापतात. ते नेहमीचंच ना?

---

रानजाई

नेहमीचंच. नराच्या कोशेट्याचं टोक कडक, निमुळतं आणि वर बारीक छिद्र असलेलं. वरचं मेण माश्यांनी काढलं की ते दिसू लागतं. सगळ्या नरघरांना, मधोमध आणि एकाच मापाचं असतं. कुरतडलेल्या झाकणाचं भोक वेडंवाकडं, कडेला आणि एखाददुसऱ्याच घराला. मेलिफेराच्या नरघराला असं छिद्र नसतं, त्यामुळे मेलिफेरावरून सातेरीकडे आलेल्यांचा हमखास घोटाळा होतो.

---

जांभूळमाळ

समजलं. पाचही पेट्यांतली नरघरं ठेवतो, राण्या तूर्त मारत नाही. ३८ वालीला दुसरीकडच्या बंद पिलावळीची एक चौकट द्यावी का, माश्या कमी पडतायत?

---

पोळंवाचक

द्या. उघडी नको, निघायच्या बेतातली बंद पिलावळच द्या, म्हणजे तिच्या थोड्या दाईमाश्यांवर भरवायचा भार पडणार नाही. आणि चौकटीसोबत दुसऱ्या पेटीची राणी तर येत नाही ना, ते दोन्ही बाजूंनी पाहून घ्या.